गिटार आणि बेससाठी स्थानिक लाकूड: नाव नको, मोजमाप हवे

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरू लागले की कोणीतरी मला हमखास विचारते, "सर, गिटार बनवायची आहे. मेपल आणि अल्डर कुठून मागवू?" मी उलट विचारतो, "मेपलचा कोणता गुण तुम्हाला हवा आहे?" याचे उत्तर आकड्यात देता आले, तर ते लाकूड इथे बेंगळुरूच्या लाकूडबाजारातही मिळू शकते. ते आकडे कसे काढायचे, हे या टिपणात पाहू.

१. आपली परंपरा

अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. आज जगभरातल्या अनेक गिटारींच्या पाठीला आणि कडांना हेच लाकूड असते. आपल्या मिरजेत तून लाकूड आणि भोपळा यांपासून सतारी व तंबोरे पिढ्यानपिढ्या बनत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे वाद्याचे लाकूड परदेशातूनच यावे लागते, ही समजूत खरी नाही. कारागीर लाकडावर टिचकी मारून ते ओळखतो. आपल्याकडे तो कान नाही, म्हणून आपण मोजायचे.

२. कोणत्या भागाला काय हवे?

मान: सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर एकूण ताण साधारण ४५ ते ५० किलो वजनाएवढा असतो. चार तारांच्या बेसवर तो ७५ किलोच्या आसपास जातो. शिवाय गिटारची तार ६४८ मिमी लांब असते, तर बेसची ८६४ मिमी. त्यामुळे बेसची मान लवकर वाकते. इथे ताठ आणि पूर्ण सुकलेले सागवान चालते. बेससाठी सागवान व शिसवाच्या उभ्या पट्ट्या चिकटवून मान करावी आणि आत पोलादी ट्रस रॉड घालावा.

धड: भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचे कंपन टिपतो, त्यामुळे धड हलके आणि न पिळवटणारे असले की पुरे. धडाचे घनफळ सुमारे ४५०० घन सेमी धरा. प्रति घनमीटर ५०० किलो घनतेच्या शिवण किंवा तून लाकडाचे धड सव्वादोन किलोचे होईल. ८५० किलो घनतेच्या शिसवाचे धड पावणेचार किलोंच्या वर जाईल. खांद्याला फरक लगेच कळतो. कोडगू आणि चिक्कमगळूरुच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओकही धडासाठी तपासून पाहण्याजोगा आहे.

पोकळ गिटारची वरची फळी: ही हलकी असूनही ताठ हवी. लाकडातील ध्वनिवेगाला घनतेने भागले की तुलना करता येते. स्प्रूसमध्ये वेग सुमारे ५००० मीटर प्रति सेकंद आणि घनता ४००, म्हणून भागाकार १२.५. सागवानासाठी ४३०० आणि ६५० धरले तर ६.६. सागवान इथे निम्म्यावर येते. म्हणून पहिले वाद्य भरीव धडाचेच करा.

३. ताठपणा कसा मोजाल?

लाकडाची एक पट्टी दोन आधारांवर ठेवा, मधोमध वजन टांगा आणि बाक मोजा.

यंग गुणांक = (बल × लांबीचा घन) ÷ (४ × रुंदी × जाडीचा घन × बाक)

आधारांमधील अंतर ५०० मिमी, रुंदी २५ मिमी, जाडी ६ मिमी, वजन ५०० ग्रॅम म्हणजे ४.९ न्यूटन. बाक २.४ मिमी आला, तर गुणांक सुमारे ११.८ गिगापास्कल येतो. मानेसाठी हा आकडा चांगला आहे. जाडीचा घन घ्यायचा असल्याने ती तीन-चार ठिकाणी व्हर्नियरने मोजा. तिथली छोटी चूक उत्तरात तिप्पट होते.

४. ओलावा: इथेच बहुतेक प्रकल्प फसतात

काही वर्षांपूर्वी माझ्या एका गटाने वखारीतून "सुके" म्हणून सागवान आणले. मीही ओलावा न मोजताच होकार दिला. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात मान पिळवटली आणि तारा फ्रेटवर घासू लागल्या. चूक मुलांची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून नियम एकच. छोटा तुकडा तोला, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. वजनातील घट भागिले कोरडे वजन, गुणिले शंभर म्हणजे ओलाव्याची टक्केवारी. ती १० ते १२ असावी.

शिसव पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होताना वर्तुळवलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसते, त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी. ५६ मिमी रुंद फ्रेटपट्टीचा ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, तर वलयांच्या दिशेने कापलेली पट्टी जवळजवळ ०.४५ मिमी अरुंद होते. तेवढ्याने फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून पट्टीची रुंदी त्रिज्येच्या दिशेने येईल असा काप मागा.

५. खरेदी करताना

शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे. तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे, कच्च्या लाकडाला नाही. म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊनच खरेदी करा. जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी मोडीत निघतात, त्यांतले सागवान अनेक दशके सुकलेले असते. करवत लावण्याआधी मात्र खिळे शोधून काढा. लाकडाच्या जातीबद्दल शंका असेल तर मल्लेश्वरममधील काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे विचारणा करा.

स्वाध्याय

१) तुमच्या गावातील कोणत्याही दोन लाकडांची घनता आणि यंग गुणांक काढा.
२) यंग गुणांक भागिले घनता याचे वर्गमूळ काढून ध्वनिवेग मिळवा. त्याला घनतेने भागून स्प्रूसच्या १२.५ शी तुलना करा.
३) दोहोंपैकी कोणते लाकूड मानेला आणि कोणते धडाला वापराल? कारण आकड्यांसह लिहा.