पिन, ब्रेक आणि मागचा दिवा

दिवाळीच्या आगेमागे वालूरच्या शिवारातून कापूस-सोयाबीनच्या ट्रॉल्या सेलू, मानवतच्या बाजाराकडे निघू लागतात. ट्रॉली जोडण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं की शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळी ओढ एका पिनेवर असते आणि भरल्या ट्रॉलीला थांबवायची जबाबदारी एकट्या ट्रॅक्टरवर. तपासणीचा क्रमही त्यावरूनच ठरतो.

सुरुवात पिनेपासून. पिन भोकाच्या मापाची हवी. झिजून बारीक झाली असेल तर बदलावी. खाली खिटी घालावी, तिच्या जागी तारेचा तुकडा चालत नाही. पिन तुटली तरी ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून साखळीही लावावी. जोडणी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच करावी. ती वर घेतली, तर चढावर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

मग ब्रेक. शेतात झटकन वळता यावं म्हणून डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगळे ठेवलेले असतात. रस्त्याला लागण्यापूर्वी ते पट्टीने जोडून घ्यावेत. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो आणि मागून रेटा देणारी ट्रॉली आडवी होते.

चाकांची हवा आणि नट पाहावेत. दोन चाकी ट्रॉलीत भार मागे गेला, की दांडा वर उचलू लागतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून वजन आसाच्या किंचित पुढे ठेवावं. कापूस हलका असला तरी ढीग उंच होतो. तो वळणावर कलतो आणि वरच्या विजेच्या तारांनाही लागू शकतो.

काळ्या रानातून आलेल्या ट्रॉलीचे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले असतात. रस्त्यावर येताच ते पुसावेत.

वाटेत वेग आवरता ठेवावा. ताशी २० किलोमीटरवरून ४० वर गेलं, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, क्लचही दाबून ठेवू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं. दांड्यावर किंवा मडगार्डवर कोणाला बसू देऊ नये.

थोडं अंतर गेल्यावर बाजूला थांबून दोर पाहावेत, कारण कापूस दबला की ते ढिले पडतात. चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एकच हब जास्त तापला असेल, तर त्याचं बेअरिंग तपासून घ्यावं.

रात्री थांबावं लागलं तर ट्रॉली डांबरी रस्त्याच्या खाली घ्यावी आणि मागचा दिवा चालू ठेवावा. चाकाला लावलेला दगड निघताना न विसरता उचलून बाजूला टाकावा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो अंधारात दिसत नाही.