महागाईच्या काळातील कौटुंबिक अंदाजपत्रक

जुलै २०२३ मध्ये आपल्या देशातील किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. त्याच महिन्यात भाजीपाल्याची दरवाढ मात्र ३७ टक्क्यांहून अधिक होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच भाजीपाला वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी महागला होता आणि त्यानंतर एका वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, किरकोळ महागाईचा एकूण दर पाव टक्क्यावर उतरला. तरीही त्या महिन्यात आपला घरखर्च हलका झाला, असे सांगणारे कुटुंब क्वचितच भेटले असते. अशा वेळी सरकारी आकडेवारीविषयी शंका घेतली जाते. वस्तुतः ही विसंगती आकडेवारीतील नसून तिच्या अर्थातील आहे.

ग्राहक किंमत निर्देशांक ही सरासरी होय. देशातील कुटुंबे कोणत्या बाबींवर किती खर्च करतात, यावरून प्रत्येक बाबीला भार दिला जातो. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार ग्रामीण भागासाठी ५४.१८, तर शहरी भागासाठी ३६.२९ होता. म्हणजे अन्नधान्य समान प्रमाणात महागले, तरी खेड्यातील व शहरातील कुटुंबाला बसणारी झळ समान नव्हती. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबे आपल्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबे सुमारे ४० टक्के भाग अन्नावर खर्च करीत होती. उत्पन्न जितके कमी, तितका हा हिस्सा मोठा असतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. दुसरे असे की, महागाईचा दर घटणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. भाववाढीचा वेग मंदावणे होय. गेल्या वर्षी वाढलेले घरभाडे या वर्षी खाली येत नाही.

आपल्या घराचा महागाई दर

म्हणूनच प्रत्येक कुटुंबाने स्वतःचा महागाई दर काढणे उपयुक्त ठरते. समजा, चौघांच्या एका कुटुंबाचा मासिक खर्च २०,००० रुपये आहे. त्यात अन्न १०,०००, घरभाडे ४,०००, प्रवास व इंधन २,५००, मुलांचे शिक्षण २,००० आणि इतर १,५०० रुपये. वर्षभरात या बाबी अनुक्रमे ९, ५, ४, १० आणि ४ टक्क्यांनी महागल्या, तर खर्च १,४६० रुपयांनी वाढतो. या घराचा महागाई दर ७.३ टक्के झाला. त्या काळात देशाचा दर ५ टक्के असला तरीही.

आता या कुटुंबाचे उत्पन्न २२,००० रुपये आहे असे धरू. पगार ५ टक्क्यांनी वाढल्यास दरमहा शिल्लक २,००० वरून १,६४० रुपयांवर येईल. पगार वाढलाच नाही, तर ती ५४० रुपये उरेल आणि पुढील वर्षी तोच क्रम चालू राहिल्यास उधारी सुरू होईल. निर्देशांकाशी निगडित महागाई भत्ता सरकारी कर्मचाऱ्यांना मिळतो. असंघटित क्षेत्रातील कामगाराला तो नसतो. जमाखर्चाची वही आमच्या पिढीतील गृहिणी नेमाने लिहीत. आज तिची गरज कमी नव्हे, अधिक आहे.

दोन प्रकारची भाववाढ

वही वर्षभर लिहिली की एक गोष्ट ध्यानात येते. काही भाव चढतात आणि उतरतात. काही चढतात ते तेथेच राहतात. टोमॅटो, कांदा, बटाटा पहिल्या प्रकारात मोडतात. पाऊस लांबला किंवा पीक बिघडले की भाव भडकतात आणि नवा माल आला की उतरतात. खाद्यतेलाचेही काहीसे असेच. आपण आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यामुळे २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा त्याची चिंता आपल्या बाजारातही होती. घरभाडे, शाळेचे शुल्क आणि औषधोपचार हे दुसऱ्या प्रकारचे खर्च होत.

पहिल्या प्रकारावर उपाय पर्यायाचा आहे. भाजी महागली की मटकी-चवळीची उसळ, एका तेलाऐवजी दुसरे तेल आणि फार तर दोन-तीन महिने शिलकीतून थोडी रक्कम. दुसऱ्या प्रकारासाठी अंदाजपत्रकच नव्याने मांडावे लागते. प्रत्यक्षात अनेक घरांत नेमके उलटे घडते. शुल्क व भाडे यांना हात लावता येत नाही, म्हणून कात्री दूध, डाळ आणि फळांना लागते. आणि तीही बहुधा प्रथम घरातील स्त्रीच्या ताटातील. ही बचत वहीत दिसते, पण तिची किंमत पुढे आजारपणाच्या रूपाने मोजावी लागते. विम्याचा हप्ता चुकवणे हीदेखील अशीच फसवी बचत.

रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणे सर्वांत महाग पडते. दरमहा ३ टक्के व्याज ऐकावयास किरकोळ वाटते. वर्षाला ते ३६ टक्के होते, आणि व्याजावर व्याज चढल्यास ४२ टक्क्यांहून अधिक. महागाई कितीही तीव्र असली, तरी या वेगाने घरखर्च वाढत नाही. ज्या महिन्यांत भाजीपाला स्वस्त असतो, त्या महिन्यांत वाचलेली रक्कम वेगळी ठेवणे म्हणूनच मोलाचे. ठेवीचे व्याज घराच्या महागाई दराहून कमी असले, तरी हा निधी बँकेत हाताशी असावा. त्याचा लाभ व्याजात नव्हे, टळलेल्या कर्जात आहे.

ज्यांच्याकडे शिल्लकच नाही, त्यांना हा सल्ला अपुरा आहे, हे मान्य केले पाहिजे. अशा कुटुंबांसाठी शिधापत्रिका हाच खरा आधार होय. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले. चौघांच्या घराला २० किलो. कामासाठी परराज्यात गेलेल्या मजुराला आपल्या वाट्याचे धान्य तेथील रास्त भाव दुकानातून घेता येते आणि उरलेले गावाकडील कुटुंबाला उचलता येते. ही सोय ठाऊक नसल्यामुळे तेच धान्य दुकानातून विकत घेणारी कुटुंबे शहरांत आजही आढळतात.