बंद पडलेली जुनी मोटारसायकल : आधी कार्बुरेटर पाहा, मग इंजिन

छोट्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापडाचे गाठोडे घेऊन गडहिंग्लज, मुरगूड, मलकापूरकडे जाणारा फेरीवाला असो, इचलकरंजीहून सुताचा नमुना आणणारा असो की हुपरीला चांदीकाम पोचवणारा असो, गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचा धंदा बंद. नवी गाडी घेण्याइतके भांडवल प्रत्येकाकडे नसते. म्हणून जुन्या गाडीकडे नजर जाते. वर्ष-दोन वर्षे परड्यात उभी असलेली गाडी स्वस्तात मिळते. परंतु ती सुरू होत नाही आणि "इंजिनचे काम निघाले आहे" असे ऐकले की घेणारा घाबरतो, किंवा नको तो खर्च करून बसतो.

व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चालती असताना उभी करून ठेवलेली गाडी पुढे सुरू झाली नाही, तर दोष बहुधा इंजिनात नसून पेट्रोलच्या वाटेत असतो. बाण्याचा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो. म्हणून कोणी त्याची मोटर खोलायला बसत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

कार्बुरेटरचे काम काय?

पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनला देणे हे कार्बुरेटरचे काम. साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल, वजनाने, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण आहे. कार्बुरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठते. त्यातील फ्लोट वर आला की सुईसारखी झडप पेट्रोल बंद करते. तेथून पेट्रोल पितळी जेटमधून वर ओढले जाते. मोठा जेट वेगात चालताना काम करतो. छोटा जेट, ज्याला पायलट किंवा स्लो जेट म्हणतात, तो सुरू होताना आणि गाडी जागेवर उभी असताना. या छोट्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि चिकट, पिवळसर थर मागे राहतो. तोच या छिद्रात बसतो. आज पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांतही ते तयार होते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह तळाशी बसते, वाटी गंजते आणि जुन्या गाडीचे रबरी भाग फुगतात किंवा चिरतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या हिरो होंडा स्प्लेंडर, यामाहा आरएक्स १००, येझदी अशा गाड्या कार्बुरेटरच्याच आहेत. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे.

खोलण्यापूर्वी

प्रथम प्लगची ठिणगी पाहावी. प्लग काढून, त्याला टोपी लावून, धातूचा भाग इंजिनला टेकवून किक मारावी. निळी, जोरदार ठिणगी दिसली पाहिजे. ही परीक्षा पेट्रोलला हात लावण्यापूर्वीच उरकावी आणि प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा. नंतर एअर फिल्टर पाहावा. उभ्या गाडीत उंदीर घर करतात. मग टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढावे. त्याला रंगासारखा वास येत असेल किंवा तळाशी गंज असेल तर टाकी आणि कॉकची जाळी धुतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर साफ केलेला कार्बुरेटर आठवड्यात पुन्हा तुंबेल.

हे काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. जवळ शेगडी, विडी, अगरबत्ती काही नको. मुलांना दूर ठेवावे.

साफ करण्याची रीत

कॉक बंद करून वाटीचा खालचा स्क्रू सैल करावा व पेट्रोल डब्यात घ्यावे. वरचे झाकण उघडून केबलसह स्लाइड व सुई वर काढावी. सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे हे लिहून ठेवावे. कार्बुरेटर उतरवून वाटी उघडावी, फ्लोटची पिन हळूच सरकवावी. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदलावा. झडपेच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर तीही बदलावी.

दोन्ही जेट नेमक्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढावेत. पितळ मऊ असते, खाच लगेच मोडते. मिक्स्चरचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजावे आणि लिहावे. नंतर जेट कार्बुरेटर क्लीनरमध्ये भिजवावेत. रबरी वस्तू त्यात टाकू नयेत. पंक्चरवाल्याकडील हवेने प्रत्येक वाट फुंकून घ्यावी, डोळे सांभाळावेत. जेट उजेडाकडे धरला की पलीकडचा उजेड स्वच्छ, गोल दिसला पाहिजे. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते.

दोन सिलिंडरच्या गाडीला, उदाहरणार्थ एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० ला, दोन कार्बुरेटर असतात. त्यांचे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. जोडल्यावर दोन्ही स्लाइड एकाच वेळी, सारख्या उचलल्या जातात का हे पाहावे. एक मागे राहिली तर एक सिलिंडर दुसऱ्याचे ओझे वाहतो.

जोडल्यानंतर

वाटीला नवे पॅकिंग घालावे, मिक्स्चरचा स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर आणावा. ताजे पेट्रोल घालून कॉक उघडावा आणि थोडे थांबावे. पेट्रोल बाहेर वाहू लागले तर झडप नीट बसलेली नाही. चोक ओढून किक मारावी. इंजिन गरम झाल्यावर मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून आवाज सर्वांत एकसारखा जेथे येईल तेथे थांबावे. स्लो आपोआप चढत असेल तर रबरी जोडातून हवा ओढली जाते असे समजावे. काही किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावा. बिस्किटी रंग ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा रंग म्हणजे हवा जास्त. टू-स्ट्रोक गाडी पांढऱ्या प्लगवर चालवली तर पिस्टन जाम होऊ शकतो.

पुरातील गाडी आणि कागद

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्यात आपल्याकडील अनेक गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला प्रथम किक मारू नये. ऑइल तपासावे. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी आहे. ऑइल बदलून, प्लग काढून पाणी बाहेर आल्यावरच पुढचे काम. येथे नुसता कार्बुरेटर धुऊन भागत नाही, म्हणून सौद्यापूर्वी गाडी पुरात होती का हे स्पष्ट विचारावे. आपण विकणारे असलो तर न विचारता सांगावे.

गाडी सुरू होण्यासारखी असली तरी आरसी बुक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण लागते. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३०, कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतील असल्यास फॉर्म २८ ची एनओसी लागते. इंजिन व चासी क्रमांक स्वतः जुळवून घ्यावा.

हिशेबाची रीत सरळ आहे. मागितलेल्या किमतीत टाकीची सफाई, पॅकिंग, बॅटरी, टायर, विमा, पीयूसी आणि कागदांचा खर्च मिळवावा आणि मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे. मेकॅनिकने इंजिन खोलण्यास सांगितले तर ठिणगी पाहिली का, जेट काढून उजेडाकडे धरला का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल काढून ठेवावे. पाच मिनिटांच्या या कामाने पुढची दुरुस्ती वाचते.