आजोबा फटफटी, नातू फटफटी

आजोबा आणि नातू एकाच शर्यतीत धावले तर? मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फटफट्यांचं खरंच असं होतं! 1967 साली इथे दोन स्वारांनी आळीपाळीने हस्कवर्ना चालवत तिहुआनाहून ला पाझ गाठलं, 28 तास 48 मिनिटांत! त्या शर्यतीच्या आठवणीत 2010 मध्ये रॅली सुरू झाली. तिथे जुन्या गाड्या नव्यांसोबत उतरतात. निकाल गटागटाने लागतो. खड्डे मात्र सगळ्यांना सारखेच.

नव्या फटफटीचं मागचं चाक सुमारे 30 सेंटिमीटर वर-खाली होतं आणि धक्का पचवतं. जुनीचं जेमतेम 10! मग आजोबांचा स्वार काय करतो? उभा राहून गुडघ्यांचीच स्प्रिंग करतो. नातू भुर्रकन पुढे जातो, जाऊ दे. खड्डा दिसला की याला वेग आवरावाच लागतो. नाहीतर चाक वाकडं, हात बधिर, आणि मुक्काम अजून कितीतरी लांब!