मिरचीचा हंगाम आणि डोळ्यांचा केस पेपर

दोंडाईचा हे खानदेशात मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. हंगाम लागला की मिरची वाळवणारे मजूर, देठ खुडणाऱ्या बाया, हमाल, आडते, कांडप गिरणीवाले अशा सर्वांचेच डोळे लाल होतात. धंद्याचेच दुखणे, त्याला काय दवा, असे म्हणून बहुतेक बांधव मेडिकलमधून थेंब आणतात. दवाखान्यात गेलेच तर केस पेपरवर एकच ओळ पडते : 'डोळे खाजतात.'

व्यापारी बंधूंनी या ओळीकडे हिशेबाच्या वहीइतकेच लक्ष द्यावे. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये रुग्णालयाला आजाराचा आय.सी.डी.-१० क्रमांक लिहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी १९९० साली मंजूर केली. खाज हे तिच्या हिशेबी लक्षण आहे, निदान नव्हे. ॲलर्जीने अचानक डोळे आले तर एच १०.१, रासायनिक दाह असेल तर एच १०.२, जुनाट असेल तर एच १०.४. कामामुळे झालेल्या विकारासाठी वाय ९६ हा जोडक्रमांकही आहे. पण आपण मिरचीत काम करतो हे डॉक्टरांना सांगितलेच नाही, तर तो लिहिणार कोण? खाज जास्त की आग जास्त, चिकट घाण येते का, हेही सांगावे. खाज बहुधा ॲलर्जीकडे बोट दाखवते, तिखटाच्या धुळीने मुख्यतः आग होते.

नुसत्या खाजेचे पैसे विमा सहसा देत नाही. बाह्यरुग्ण खर्च बहुतेक पॉलिसींत नसतोच. (विमा जायज की नाजायज, हा उलेमांचा विषय, ज्यांनी घेतला आहे त्यांच्यापुरते हे लिखाण.) गाठ पडते ती पुढे. स्टेरॉइडचे थेंब सल्ल्याशिवाय महिनोन्महिने घातले तर मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी कंपनी जुने कागद मागते. त्यावर 'जुनाट' असेल आणि कधीपासून ते नसेल, तर आजार पॉलिसीआधीचा की नंतरचा, हा वाद उभा राहतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी ३ वर्षांहून अधिक प्रतीक्षा लावता येत नाही. म्हणजे तारखेला किंमत आहे. मात्र खोटी तारीख लिहून घेऊ नये, आणि पॉलिसी काढताना जुना त्रास लपवू नये. लपवाछपवी उघडी पडली तर क्लेम जातोच, शिवाय पॉलिसीही रद्द होऊ शकते.

केस पेपरवर धंदा, कोणता डोळा, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि थेंबांचे नाव लिहून घ्यावे. मेडिकलचे बिल त्यालाच टाचून ठेवावे. मजुरांचे कागद त्यांच्याजवळच राहू द्यावेत.