ही छडी परत जोडत नाहीत!

जादूच्या शोमध्ये काहीही तुटलं तरी आपण निवांत असतो. कापलेला दोर, फाडलेला पेपर, शेवटी सगळं अख्खं होणार हे ठाऊक असतं. पण जादूगार गेला की त्याचे दोस्त एक गोष्ट मोडतात, ती मात्र कायमची. त्याची जादूची छडी!

ही प्रथा सुरू झाली हॅरी हुडिनीपासून. ३१ ऑक्टोबर १९२६ ला, अवघ्या ५२ व्या वर्षी तो डेट्रॉईटमध्ये गेला. तो ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’चा अध्यक्ष होता. न्यूयॉर्कमधल्या अंत्यविधीत तिथल्याच सहकाऱ्यांनी छडी मोडली. अर्थ साधा होता. हात गेला, आता ही नुसती काडी. आजही कित्येक जादूगारांना असाच निरोप देतात.

हुडिनीची बायको बेस मात्र लगेच हे मानायला तयार नव्हती. दोघांनी ठरवलेल्या गुप्त खुणेची ती दर स्मृतिदिनी वाट पाहायची. १९३६ मध्ये थांबली.

गेलेल्या मित्राचा नंबर तुम्हीही अजून डिलीट केला नसेल, तर राहू दे. दोस्तांनी छडी लगेच मोडली, बेसला दहा वर्षं लागली. प्रेम दोघांचंही खरंच होतं.