परवान्याची मोटार आणि तिचे कामगार

१९५५ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात तुरिनच्या फियाट कंपनीने ‘सहाशे’ नावाची चिमुकली मोटार लोकांपुढे ठेवली. दान्ते जाकोसा या अभियंत्याने आखलेल्या या गाडीचे इंजिन ६३३ सी.सी.चे, आणि तेही मागच्या बाजूस. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला परवडावी हा तिचा हेतू. इटलीबाहेरही तिला मागणी आली आणि परवाने देण्यात आले.

परवाना म्हणजे काय? मूळ कंपनी आराखडे व कृती देते, घेणारा त्याचा मोबदला देतो. प्रथम बाहेरून आलेले सुटे भाग नुसते जोडायचे. पुढे एकेक भाग घरी घडवायचा. आमच्या मते खरी विद्या या दुसऱ्या पायरीवर हाती येते.

युगोस्लाव्हियातील क्रागुयेवाट्स हे १८५३ पासून तोफा ओतणारे गाव. तेथील झास्तावा कारखान्याने १९५४ मध्ये फियाटशी करार केला. पुढे इंजिन ७६७ सी.सी.चे झाले, गाडीला ‘फिचा’ हे लाडके नाव पडले. तुरिनने ‘सहाशे’ १९६९ मध्ये थांबवली. क्रागुयेवाट्सने १९८५ पर्यंत नऊ लाखांवर गाड्या काढल्या. बार्सिलोनाच्या सेआत कारखान्याने १९५७ ते १९७३ या काळात सुमारे आठ लाख काढल्या. शिवाय तुरिनने कधी न केलेली लांबट, चार दारांची ‘८००’ बनवली.

गाडी एकच, पण ती घडवणाऱ्यांची स्थिती? युगोस्लाव्हियात १९५० च्या कायद्याने कारखान्यांत कामगार मंडळे आली होती. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही. स्वतंत्र संघटनेस बंदी. ऑक्टोबर १९७१ मध्ये सेआतच्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला. पोलिसांनी गोळीबार केला. जखमी झालेला आंतोनियो रुइस विल्याल्बा हा कामगार पुढे दगावला.

आपल्या कुर्ल्याची प्रीमियर ‘पद्मिनी’ हीदेखील फियाट ११०० ची परवान्याने झालेली लेक. मुंबईतल्या तिच्या टॅक्सींनी २०२३ साली निरोप घेतला, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. त्या हळहळीत ती घडवणाऱ्या हातांचीही आठवण असावी. परवान्याबरोबर आराखडे येतात, कामगाराचे हक्क येत नाहीत. ते ज्याचे त्याने, आपल्या गावी, एकजुटीने मिळवावे लागतात.